धुकं मांजरच का, कुत्रं का नाही?

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देते:

"ताई नमस्कार. आमचं गाव तासगावपासून जवळच. दोन एकर द्राक्षबाग आहे. मी मराठी मीडियमची, दहावीला इंग्लिशला ३८ पडले होते. पोरगा सांगलीला सीबीएसईला दहावीत आहे, एसटीनं जाऊन येऊन करतो. बाकी विषयात बरा आहे पण इंग्लिशच्या कवितेत मार्क जातात. लिटररी डिव्हायसेस म्हणून काहीतरी असतंय, तीस-पस्तीस नावांचा कागद पाठ केलाय त्यानं, झोपेत पण म्हणून दाखवील, पण पेपरात ओळ आली की चुकतं. परवाच्या टेस्टला धुक्याच्या कवितेत त्यानं मेटॅफर लिहिलं तर बाईंनी ते कापून पर्सोनिफिकेशन केलं. तेव्हापासून म्हणतो मला इंग्लिश येतच नाही. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाला मम्मी तुला काय कळतंय त्यातलं. खोटं कशाला बोलू, पोटात कालवलं. आता मुक्यानं जेवतो, ह्यांच्याशी पण बोलत नाही, घर खायला उठतंय. सांगलीत एक सर नुसत्या इंग्लिशचे पंधरा हजार म्हणतात. बाग यंदा अशी तशीच आहे. लावू का ट्युशन? का मला काही करता येईल?"

ताई, पहिलं पैशाचं. पंधरा हजार आत्ता भरू नका. सर चांगले असतीलही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून पोराला शिकवणी कमी पडलेली नाही, त्याला कागद जास्त झालाय, आणि अजून एक ट्युशन म्हणजे अजून एक कागद. महिनाभर थांबा, मी सांगते ते करून बघा, नाहीच जमलं तर मग लावा की.

आता तुमचंच पत्र परत एकदा वाचा बरं. "घर खायला उठतंय" असं लिहिलंय तुम्ही. घराला तोंड कुठाय, दात कुठायत? तरी तुम्ही लिहिलंत आणि मला इथं बसून कळलं की जेवायच्या वेळेला तुमच्या सोप्यात कसं वाटत असेल ते. "घरात शांतता आहे" असं लिहिलं असतं तर नसतं कळलं, उलट वाटलं असतं बरं आहे की, शांतता आहे. आणि "पोटात कालवलं", ते कोणी कालवलं, आमटी-भात होता का पोटात? तुमच्या पोराच्या कागदावर तीस-पस्तीस नावं आहेत ना, ती असल्याच बोलण्याची नावं आहेत. तुम्ही अर्ध्या पानाच्या पत्रात दोन-तीन वापरलीत आणि तुम्हाला पत्ता पण नाही. पत्ता नसतोच. मी एका ज्युनिअर कॉलेजला बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तिथं एकदा मागच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं होतं की बाई, कवीला लिहिताना माहीत असतंय काय हो की आता आपण मेटॅफर टाकलाय म्हणून? वर्ग हसला, पण प्रश्न अगदी खरा होता. मी म्हणलं तुझी आज्जी जात्यावर ओवी म्हणायची तेव्हा अलंकार मोजत होती का. नावं मागनं पडतात, पोराचा जन्म झाल्यावर बारसं असतं तसं, आणि आपण शाळेत काय करतो, बारशापासनं सुरुवात करतो, पोर बघितलंच नाही अजून.

तुम्ही मराठी मीडियमच्या आहात हे तुम्ही कमीपणा म्हणून लिहिलंय, मला तर ती सोय वाटते. दहावीला अलंकार होते ना तुम्हाला? उपमा, रूपक, अनुप्रास, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती, श्लेष. आणि उपमेय-उपमान आठवतंय का, ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान? तेच आहे हे सगळं. सिमिली म्हणजे उपमा, "सारखा, जसा" असा शब्द उघड असतो. मेटॅफर म्हणजे रूपक, "सारखा" गळून पडतो आणि सरळ तेच आहे असं म्हणायचं. पर्सोनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, निर्जीवाला जिवंत असल्यासारखं वागवायचं. अलिटरेशन अनुप्रास, तोच आवाज परत परत. हायपरबोली अतिशयोक्ती, पन म्हणजे श्लेष, एकाच शब्दात दोन अर्थ. पोराला हे असं एका वहीत समोरासमोर लिहायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे. सगळ्याच जोड्या जुळत नाहीत हे पण सांगा. आपल्याकडं "जणू" आलं की उत्प्रेक्षा म्हणून वेगळं खातं असतं, इंग्रजीत "ॲज इफ" आलं की शाळा ते सिमिलीतच घालते. आणि ज्ञानेश्वर माउलींनी "माझा मराठाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंही पैजां जिंके" म्हणलं, म्हणजे उपमान जे अमृत त्यालाच उपमेयानं हरवलं, त्याला आपण व्यतिरेक म्हणतो, त्या नावाचं खातं पोराच्या कागदावर कुठंच नसणार. तर कागद म्हणजे काय सातबारा नाही की त्याच्या बाहेर काही नसतंच.

आणि नुसतं पुस्तकातच असतं असं पण नाही. तुमच्या बागेतच बघा. काडीवर जिथनं फूट येते त्याला काय म्हणता तुम्ही? डोळा. उसाच्या कांडीला पण डोळाच. घडातल्या दाण्याला मणी म्हणता, उसाला वर येतो तो तुरा, फेट्याला असतो तसा. कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा ते फुगलेलं टोक बघून डोळा म्हणलं असेल, तेव्हा ते ताजं रूपक होतं, आता इतकं वापरून गुळगुळीत झालंय की "चार डोळ्यांवर छाटा" म्हणताना कोणाला डोळा दिसत नाही. इंग्रजीवाले ह्याला डेड मेटॅफर म्हणतात, मेलेलं रूपक. कवीचं काम काय तर मेलेलं सोडून जितं शोधायचं.

सांगलीचं पण घ्या. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची, अर्धी सांगली पाण्यात, आमच्या गल्लीत पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत होतं. तेव्हा पण माणसं कृष्णा नदीला म्हणत होती "माई घरात आली", "माई परत निघाली". फ्रिज गेला, कपाटं फुगली, पण तोंडातनं शब्द माई. आता हे पर्सोनिफिकेशन आहे हे पोरगं लगेच सांगेल, पण त्याला पुढचं विचारा, माईच का? सावकार का नाही, वैरीण का नाही? आई रागावली तरी आईच असते, तिला शिव्या देता येत नाहीत, ती गेल्यावर परत ओटी भरायला घाटावर जावं लागतं, म्हणून माई. हे जे "हेच का, दुसरं का नाही" आहे ना ताई, सगळा विषय एवढ्याच प्रश्नात आहे. नाव ओळखायचं काम पाच मिनिटाचं, राहिलेला सगळा वेळ ह्या प्रश्नावर घालवायचा.

आता त्या धुक्यावर येऊ, कारण भांडण तिथं झालंय. कविता कार्ल सॅन्डबर्गची, अमेरिकन माणूस, शिकागोत राहून लिहायचा, १९१६ च्या त्याच्या संग्रहातली आहे. सहा ओळी, एकवीस शब्द, तुमच्या किराणा यादीपेक्षा लहान. "द फॉग कम्स, ऑन लिटल कॅट फीट." धुकं येतं, मांजरीच्या छोट्या पावलांनी. मग ते मागच्या पायांवर बूड टेकून बसतं, बंदराकडं आणि शहराकडं बघत राहतं, गप्प, आणि मग पुढं निघून जातं. झाली कविता.

तुम्ही एक करा, मोबाईल बाजूला ठेवून पोराला विचारा, मांजरच का रे? कुत्रं का नाही? मी हा प्रश्न वर्गात टाकायचे तेव्हा ज्या पोरांना डेफिनिशन येत नाही तीच पहिल्यांदा बोलायची. कुत्रं आलं की कळतं ना, भुंकतं, शेपूट हलवतं, बोलावलं तर येतं. मांजर कधी आली ते कळत नाही, बघावं तर कट्ट्यावर बसलेली, ती पण अशी की घर तिचंच आहे आणि आपण भाड्यानं राहतोय. बघत बसते, काय बघते देव जाणे. आणि उठून गेली तरी कोणाला सांगून जात नाही. धुक्याचं असंच असतं की नाही? येताना आवाज नाही, कोणी बोलावलेलं नाही, एका जागी बसतं, आणि उन्हं वर आली की कधी गेलं कळत नाही. अजून एक गंमत म्हणजे "लिटल" हा शब्द. अख्खं शहर गिळणारी गोष्ट, आणि पावलं केवढी तर एवढीशी. मोठ्या गोष्टीला छोटी पावलं दिली म्हणून ते भीतीदायक होत नाही. कविता पण बघा, तेवढीच छोटी आहे, आवाज न करता येते, जरा वेळ बसते, जाते. मला विचाराल तर ह्या कवितेतली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे आणि गाईडात ती कोणी लिहिलेली मी बघितली नाही.

मग त्याला म्हणा, ते शिकागोचं धुकं झालं, आपल्या बागेतलं धुकं कोण? कारण शिकागोच्या कवीला धुक्याचं कौतुक आहे, त्याची काही बाग नाही. आपल्याकडं बाग ऐन भरात असताना सकाळी धुकं दिसलं, पानावर दव दिसलं, की ह्यांच्या पोटात गोळा येतो, डावण्या रोगाची धास्ती, औषधाचा खर्च, आदल्या दिवशी मारलेली फवारणी फुकट. आपलं धुकं मांजर होणारच नाही. चोर होईल, न सांगता आलेला वसुलीवाला होईल. धुकं तेच, उपमान बदललं की सगळ्या कवितेचा सूर बदलला. हा जो सूर आहे ना त्यालाच पेपरात टोन म्हणतात, आणि पोरांना टोन विचारला की ती हॅपी नाहीतर सॅड एवढंच लिहितात. तुमचा पोरगा हे दोन धुक्यांचं शेजारी शेजारी ठेवून बघेल तर त्याला टोन वेगळा शिकवायला लागणार नाही.

आता मेटॅफर की पर्सोनिफिकेशन. माझं मत स्पष्ट आहे, पोरगं बरोबर होतं. पर्सन म्हणजे माणूस, आणि धुकं इथं माणूस झालेलं नाही, मांजर झालंय, "सारखं" हा शब्द पण नाही, म्हणजे रूपक. पण बाईंना पण एकदम चूक म्हणू नका. निर्जीव वस्तूला जिवंत केलं, बसवलं, बघायला लावलं, म्हणून पुष्कळ शिक्षक आणि गाईडं ह्याला पर्सोनिफिकेशन म्हणतात. आपला मराठी शब्द बघा किती चांगला आहे, चेतनगुणोक्ती, त्यात "माणूस" नावातच नाही, चेतन म्हणजे जीव असलेलं, मग त्या नावात मांजर पण आरामात बसते. इंग्रजी नावात अडचण होते. तर पोराला सांगा, भांडायला जायचं नाही आणि मूग गिळून पण बसायचं नाही. मधल्या सुट्टीत पेपर घेऊन जायचं आणि विचारायचं, मॅम, इथं धुक्याची तुलना मांजरीशी आहे म्हणून मी मेटॅफर लिहिलं, चालेल का? एवढंच. बहुतेक बाई ऐकतील, ऐंशी पेपर तपासताना नमुना उत्तरं समोर ठेवूनच तपासतात माणसं, मी पण तशीच तपासलेत. नाही ऐकलं तर एक मार्क सोडून द्यायचा. आणि पुढच्या वेळी नुसतं नाव लिहून थांबायचं नाही, कशाची तुलना कशाशी आणि का ते लिहायचं, म्हणजे नावावर मतभेद झाला तरी तपासणाऱ्याला कळतं की ह्याला कविता कळलीये.

ह्यावरनं आठवलं, ते एक वाक्य पोराच्या हातनं कायमचं काढून घ्या. "द पोएट हॅज युज्ड मेटॅफर टू मेक द पोएम ब्युटिफुल." हे मी किती पेपरात वाचलंय त्याला गणती नाही, आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मीच फळ्यावर लिहून द्यायचे. त्याला काही अर्थ नाही. उत्तर लिहून झालं की कवितेचं नाव झाकायचं आणि बघायचं की हेच उत्तर दुसऱ्या कवितेखाली चिकटवता येतं का. येत असेल तर ते उत्तर पोकळ. त्यापेक्षा साधं लिहायचं, "द पोएट कम्पेअर्स फॉग टू अ कॅट बिकॉज बोथ कम विदाऊट एनी साऊंड", इंग्रजी साधंच असू दे, पण हे वाक्य दुसऱ्या कुठल्या कवितेखाली बसत नाही.

त्याच्या पुस्तकात पहिलाच धडा आहे तो तर तुमच्याच घरातला वाटेल तुम्हाला. मेक्सिकोतला शेतकरी, लेंचो नावाचा, लेखक जी. एल. फुएन्तेस. पीक उभं आहे, पावसाची वाट बघतोय, पाऊस येतो. तो खुश होऊन म्हणतो हे थेंब नाहीत, नवी नाणी आहेत, मोठे थेंब दहाची, बारके पाचची. रूपक झालं, आणि शेतकऱ्याचंच रूपक, शहरातला माणूस थेंबाला मोती म्हणेल, शेतकऱ्याला त्यात पैसे दिसतात. आणि मग गारा सुरू होतात. लेखक म्हणतो ह्या गारा मात्र खरोखरच चांदीच्या नव्या नाण्यांसारख्या दिसत होत्या. बघा किती क्रूर आहे हे, जे पैशासारखं दिसतंय त्यानंच पीक झोडपून काढलं. तास-भरात शेत पांढरं, जणू मीठ पसरलंय. आता परत तोच प्रश्न, मीठच का? साखर पण पांढरी असते, चुना पण असतो. ज्या रानात मीठ फुटतं तिथं काय उगवतंय ताई? तुम्हाला हे मी काय सांगणार, तुम्ही मला सांगाल. गारपिटीनंतर बागेत जाऊन उभं राहणं काय असतं हे ट्युशनच्या सरांपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे, आणि त्या पोराला पण थोडं ठाऊक आहे, फक्त ते इंग्लिशच्या वहीत आणायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नाही.

पुढं तो लेंचो देवाला पत्र लिहितो, शंभर पेसो पाठव म्हणून. पोस्टातली माणसं ते पत्र उघडतात, त्याचा विश्वास बघून गलबलतात, आपसात वर्गणी काढतात, सत्तरच जमतात, ते देवाच्या नावानं देतात. आणि लेंचो मोजतो, तीस कमी, आणि परत देवाला लिहितो की राहिलेले पाठव पण पोस्टातनं नको, तिथली माणसं चोर आहेत. ह्याला म्हणायचं आयरनी. ज्यांनी दिले तेच चोर ठरले. आणि आपल्याला, म्हणजे वाचणाऱ्याला, खरं काय ते माहितीये, लेंचोला नाही, म्हणून त्यातली ती ड्रॅमॅटिक आयरनी. पोरांना हे नाव फार अवघड जातं आणि सांगलीच्या पोरांना अवघड जावं ह्याचं मला वाईट वाटतं, कारण ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर इथंच केलं, मराठी नाटकाची सुरुवात आपण त्यालाच मानतो, आणि स्वयंवरात धनुष्य कोण उचलणार हे बघायला आलेल्या प्रत्येकाला घरातनं निघतानाच ठाऊक असतं, स्टेजवर छाती काढून उभ्या असलेल्या राजांना तेवढं ठाऊक नसतं. ती मजाच सगळी तिथं आहे. साधी आयरनी तर रोजच चालते, ऐन मोटर चालू करायच्या टायमाला लाईट गेली की आपण म्हणतोच ना, वा, काय मुहूर्त काढलाय.

आवाजाचे जे प्रकार आहेत त्यात तुम्ही थेट मदत करू शकता, आणि ही युक्ती मला फार उशिरा सुचली. पोरं अलिटरेशन शोधताना स्पेलिंग बघतात, अक्षर सारखं दिसलं की झालं. पण ते कानाचं काम आहे, डोळ्याचं नाही. त्याच धुक्याच्या कवितेत "कॅट" आहे आणि "सिटी" आहे, इंग्रजीत दोन्हीचं पहिलं अक्षर सी, पोरगं लगेच अलिटरेशन लिहून मोकळं होतं. तेच देवनागरीत लिहा, क आणि स, कुठं जुळतंय? उलट "फोन" आणि "फिश" इंग्रजीत वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात, देवनागरीत दोन्ही फ. तर कुठलीही ओळ आली की ती कच्च्या कागदावर देवनागरीत उतरवायची, अनुप्रास आपोआप वर येतो. आणि हे तुम्हाला वाचता येतं, ३८ मार्कवाल्यांना पण येतं.

बाकीची नावं फार अवघड नाहीत, त्यांच्यावर जास्त वेळ घालवू नका. ऑक्सिमोरॉन म्हणजे दोन विरोधी शब्द एकमेकाला चिकटलेले, त्याच्या पुस्तकात पिंजऱ्यातल्या वाघाची कविता आहे त्यात "क्वाएट रेज" आहे, गप्प संताप, तुमच्या घरात सध्या जेवताना चालू आहे तोच. एनजॅम्बमेंट नाव ऐकून घाम फुटतो पण गोष्ट एवढीच की ओळ संपली तरी वाक्य संपत नाही, खालच्या ओळीत उतरतं, "द फॉग कम्स" म्हणून ओळ तोडली, जरासं थांबलो, मग खाली कळलं कसं आलं ते. "घरात पाच खाणारी तोंडं आहेत" ह्यात तोंड म्हणजे माणूस, भागावरनं अख्खं, त्याला सिनेकडकी म्हणतात. आणि एक सापळा सांगून ठेवते, "लाईक" दिसला की सिमिली असं समजून पोरं "आय लाईक मँगोज" ला पण सिमिली लिहितात, मी बघितलंय, खोटं नाही. "तो बापासारखा दिसतो" ही पण उपमा नाही, माणसाची माणसाशी नुसती तुलना आहे. "बाप दारात वडासारखा उभा होता", आता झाली, दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात.

राहिलं ते "तुला काय कळतंय". मला माहितीये ते लागलंय तुम्हाला, पैशाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात पण पत्र ह्याच वाक्यासाठी लिहिलंत. तो पंधरा वर्षांचा आहे, बरोबर उत्तर लिहून मार्क गेलाय, आणि तो राग जिथं काढला तर चालतो तिथं त्यानं काढला, आईवर. त्याला पहिलं हेच सांगा की एका म्हाताऱ्या इंग्रजीच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या तू बरोबर होतास. बघा काय फरक पडतो. आणि त्याला शिकवायला बसू नका, ते त्याला खपणार नाही. उलट म्हणा, मला वाचून दाखव आणि मराठीत सांग, मला कळत नाही म्हणूनच विचारते. एखाद्याला समजावून सांगताना आपलंच आपल्याला कळतं, शिक्षकाचं सगळं पोट ह्यावरच चालतं. तो सांगेल, तुम्ही फक्त मध्ये मध्ये अडवायचं, हेच का, दुसरं का नाही. रोज वीस मिनिटं, भाकऱ्या झाल्यावर किंवा करतानाच, एक कविता चार दिवस पुरते. त्याला उत्तर नाही सुचलं तर तुम्ही तुमचं सांगा, चुकलं तरी चालतं, ह्यात गणितासारखं एकच उत्तर नसतं, कवितेतल्या शब्दाला धरून असलं म्हणजे झालं.

आणि थंडीत एखाद्या पहाटे धुकं पडलं आणि हे फवारणीला निघाले की पोराला पण उठवा, जाऊ दे त्यांच्याबरोबर, ब्लोअर चालू व्हायच्या आधी पाच मिनिटं बांधावर उभे राहू देत दोघं. त्यानंच विचारायचं ह्यांना, पप्पा, हे धुकं आपल्यासाठी कोण आहे? त्यांचं उत्तर मला नक्की कळवा, सदरात छापता येण्यासारखं असेल का नाही ह्याची मात्र मला शंका आहे.